हरित वसई : एका शब्दाचा इतिहास

झाडें लावावीं, विहिरी खणाव्या आणि ही गोष्ट प्रजेच्या कानीं घालावी, हा विचार आपल्या देशांत कोणत्याहि आधुनिक परिषदेनें आणलेला नाहीं. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत औषधी वनस्पति लावल्याचा, रस्त्यांच्या कडेनें वृक्ष लावल्याचा आणि माणसें व जनावरें यांच्या उपयोगासाठीं विहिरी खणविल्याचा उल्लेख आहे. आठव्यांत तो सांगतो कीं, पूर्वींचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रेस निघत. आपण त्याऐवजीं धर्मयात्रा करतों. ह्या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सोपाऱ्यास सांपडला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्याच भुईगांवास मिळाला. सोपारें त्या काळीं मोठें बंदर होतें. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यास, नावाड्यास, भारवाहकास वाचतां यावें, निदान वाचून दाखवितां यावें, म्हणून हे लेख पंडितांच्या संस्कृतांत न कोरतां प्राकृतांत कोरले गेले. कलिंगांतील दोन स्वतंत्र लेखांत तर ते तिष्य नक्षत्राच्या दिवशीं लोकांस ऐकवावे अशी स्पष्ट आज्ञा आहे. खडक हें त्या काळचें वृत्तपत्र होतें, आणि त्यास वाचकांपेक्षां श्रोतेच अधिक असावेत.

ही जुनी गोष्ट येथें काढण्याचें कारण असें कीं, लोकजागृतीचीं साधनें म्हणजे सिनेमा, दूरदर्शन व हातांतले दूरध्वनि, आणि जागृति म्हणजे शहरांतल्या सुशिक्षितांनीं खेड्यांतल्या अडाण्यांस केलेला उपदेश, अशी एक समजूत आज दृढ झालेली दिसते. त्याच सोपाऱ्याच्या परिसरांत, गेल्या शतकाच्या अखेरीस, ह्या समजुतीस पूर्णपणें छेद देणारा एक प्रसंग घडला. त्यांतील साधन होतें एक साधें धार्मिक मासिक. आणि तें चालविणारा मनुष्य होता नंदाखाल गांवचा. त्या मासिकानें काय साधलें आणि काय त्याच्या हातून साधलें नाहीं, ह्या दोन्ही गोष्टींचा विचार व्हावा असें आम्हांस वाटतें. पहिल्या गोष्टीचा गौरव पुष्कळ झाला आहे. दुसरीकडे फारसें कोणी वळलेलें नाहीं.

नंदाखाल हें विरार स्टेशनाच्या पश्चिमेस, आगाशीच्या शेजारचें गांव. येथील पवित्र आत्म्याचें देऊळ सोळाव्या शतकांतलें, म्हणजे पोर्तुगीज अमलाच्या भर काळांतलें. १५३४ सालीं वसई गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती घेतली. हा इतिहास शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक आहे. परंतु किल्ल्याच्या इतिहासाहून वाडीचा इतिहास ह्या भागास अधिक लागू पडतो. राज्यें बदललीं, वाडी राहिली. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतहि वसईच्या बागाइतीस मानाचें स्थान आहे. केळी, ऊस, पानवेल, नारळ, फुलें आणि भाजी हें तिचें धन; राजेळी केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेलीं सुकेळीं ही तिची ख्याति. वाडींत विहीर, विहिरीवर रहाट, रहाटास जुंपलेला बैल किंवा रेडा, आणि पाटाच्या दोन्ही अंगांस केळींचीं पानें, असें हें चित्र पिढ्यानुपिढ्या चाललें होतें. येथला सामवेदी ख्रिस्ती शेतकरी, शेजारचा हिंदु शेतकरी आणि अर्नाळ्याचा कोळी ह्यांचीं घरें, देव व सण निरनिराळे. पण पाण्याचा हिशेब एकच.

तो हिशेब असा. समुद्रकांठच्या रेताड जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. कारण तें हलकें. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ फूट असली तर खालीं सुमारें ४० फूट गोडें पाणी उभें राहतें, असा जलशास्त्राचा ठोकळ नियम आहे. ह्याचा अर्थ उलटाहि होतो: वरची पातळी १ फूट उतरली कीं खालून खारें पाणी ४० फूट वर सरकूं पाहतें. वसईच्या शेतकऱ्यास हा नियम ठाऊक नव्हता, पण त्याचें बावखल त्याच नियमानें चाललेलें होतें. बावखल म्हणजे वाडीजवळचें उथळ, विस्तृत खोदलेलें तळें. पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठावें, हळूहळू जमिनींत मुरावें, आजूबाजूच्या विहिरी भरल्या राहाव्या आणि समुद्र दूर राहावा, एवढें त्याचें काम. परक्या मनुष्यास तें डबकें दिसतें. जमीन मोजणाऱ्यास ती रिकामी जागा दिसते. हा दृष्टिभेदच पुढील सर्व अनर्थाचें मूळ आहे.

मुंबईची व वसईची गांठ फार जुनी. विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली, आणि १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. दीर्घकाळ ही गाडी येथून भाजी, फुलें, पानें आणि दूध घेऊन जात असे; शहरानें वाडीस पोसलें असें म्हटलें तरी चालेल. पुढें तीच गाडी उलट दिशेनें माणसें आणूं लागली. मुंबईंत घर परवडत नाहीं, आणि विरारची गाडी तासाभरांत कचेरीच्या दारीं पोंचविते, असें जुळून आल्यावर जमिनीचा भाव केळींवर ठरेना, चौरस फुटांवर ठरूं लागला. १९८८ च्या सुमारास शासनानें हरित पट्ट्यांतील मोठा प्रदेश बांधकामास मोकळा केला आणि १९९० सालीं सिडकोस ह्या उपप्रदेशाचें विशेष नियोजन प्राधिकरण नेमलें. इमारती आधीं उभ्या राहिल्या. नळ मागून यावयाचा होता. मधल्या काळांत पाण्याची तहान भागविली ती टँकरांनीं, आणि टँकर भरले गेले ते पश्चिमेकडील वाड्यांच्या विहिरींतून. रहाटानें दिवसभरांत जें पाणी निघे तें पंपानें थोडक्या वेळांत निघूं लागलें. वर सांगितलेला ४० फुटांचा हिशेब येथें कामास लागला, व विहिरी खारट होऊं लागल्या.

ह्या वेळीं 'सुवार्ता' मासिकाचें संपादन फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे होतें. त्यांचा जन्म नंदाखालचा. शिक्षण गांवांतल्याच संत जोसेफ मराठी शाळेंत. १९७२ सालीं त्यांनीं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. १९८३ पासून २००७ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाव शतक, ते 'सुवार्ते'चे संपादक होते. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपरा लहान नाहीं. 'ज्ञानोदय' १८४२ सालीं अहमदनगरास निघाला, 'निरोप्या' १९०३ सालीं. आणि फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण तर १६१६ मधलें. तथापि अशा बहुतेक पत्रांचा वाचक धर्मापुरता वाचक असे. दिब्रिटोंनीं आपल्या मासिकाचें दार दोन बाजूंनीं उघडलें: बाहेरचा मराठी लेखक आंत आला, आणि आंतला शेतकरी बाहेरच्या प्रश्नांत आला. धर्माच्या मासिकांत जमिनीचा कायदा, पाण्याचा उपसा, स्त्रियांचे प्रश्न हे विषय येऊं लागले. त्याच काळांत हरित वसई संरक्षण समितीची चळवळ उभी राहिली व दिब्रिटो तिच्या अग्रभागीं उभे राहिले.

एका मासिकांत एवढें बळ कोठून आलें, असा प्रश्न कोणासहि पडावा. आमचें उत्तर असें कीं, तें बळ भाषेंतून आलें. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनें १९६३ सालीं उपासनेंत लोकभाषेस मोकळीक दिली, त्यापूर्वीं वेदीवरची भाषा लॅटिन होती. वेदी, शाळा आणि मासिक ह्या तिन्ही ठिकाणीं एकच मराठी चालूं लागली तेव्हांच हें शक्य झालें कीं रविवारीं ऐकलेला शब्द महिन्याच्या अंकांत पुन्हां भेटावा, आणि अंकांतला शब्द घरच्या सामवेदी बोलींत उतरून ओट्यावर बोलला जावा. दैनिक वृत्तपत्र आज ओरडतें व उद्यां विसरतें. मासिक सावकाश बोलतें, पण महिन्याच्या महिन्यास त्याच घरीं परत येतें. आजोबांचें वाचून झालें कीं सून वाचते, आणि ज्यास वाचतां येत नाहीं तो ऐकतो. अशोकाच्या तिष्य नक्षत्राची आठवण आम्हांस होते ती ह्यामुळेंच.

दुसरें कारण त्या शब्दांतच आहे. 'पर्यावरण' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून आला. तो कोणाच्या परसांत वाढलेला नाहीं. 'हरित वसई' असें म्हटल्याबरोबर मात्र श्रोत्याच्या डोळ्यांपुढें त्याचीच वाडी उभी राहते, व ती वाडी हें केवळ उत्पन्नाचें साधन नसून जपण्याजोगें कांहीं आहे, ही जाणीव त्यास प्रथमच होते. प्रथमच, असें आम्ही विचारपूर्वक लिहितों. वाडींत राहणारा मनुष्य वाडी पाहत नसतो. मासा पाणी पाहत नाहीं तसें तें आहे. लग्नांत केळीचा खांब, पाहुण्यापुढें पान, क्रुसास फुलांचा हार, हें सर्व तो करी; पण तें नाहींसें होऊं शकतें, हें त्याच्या मनांत कधीं आलें नव्हतें. दिब्रिटोंच्या पुस्तकांचीं नांवें पाहिलीं तरी हेंच दिसतें. एकाचें नांव 'सृजनाचा मळा', दुसऱ्याचें 'ओअॅसिसच्या शोधात'. शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेला हा धर्मगुरु मळा व पाणी ह्यांच्याच भाषेंत विचार करीत होता, आणि म्हणून त्याचा विचार मळेवाल्यास समजला. पुढें २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. संमेलनाच्या अध्यक्षपदीं ख्रिस्ती धर्मगुरु प्रथमच बसले, ह्याचें कौतुक त्या वेळीं पुष्कळ झालें; विहिरींच्या पाण्यावर लढणारा संपादक बसला, ह्याचें कौतुक त्या मानानें कमी झालें. आमच्या मतें दुसरी गोष्ट मराठी वाङ्मयाच्या दृष्टीनें अधिक अपूर्व होती.

येथें आम्हांस, वर्षानुवर्षें वर्गांत वर्ड्‌स्वर्थ शिकवीत आल्यामुळें, इंग्लंडांतील एका प्रसंगाची तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. १८४४ सालीं केंडलहून विंडरमिअरकडे लोहमार्ग नेण्याचा बेत झाला, तेव्हां वृद्ध वर्ड्‌स्वर्थनें 'मॉर्निंग पोस्ट' पत्रांत एक सुनीत व दोन पत्रें छापून त्याचा निषेध केला. सरोवरांचा प्रदेश गर्दीनें नासेल, ही त्याची भीति. लोहमार्ग १८४७ सालीं सुरू झालाच. परंतु ह्या गोष्टींतला खरा चिमटा निराळा आहे. त्या प्रदेशाचें वर्णन करून लोकांस तेथें जाण्याची गोडी लावणारें मार्गदर्शक पुस्तक, जें प्रथम १८१० सालीं निनांवी प्रसिद्ध झालें, तें वर्ड्‌स्वर्थचेंच होतें! सौंदर्याचें वर्णन करणारा त्याचें रक्षण करतो तसा त्याची जाहिरातहि करतो. वसईंत ह्याहून निराळें घडलें नाहीं. हिरव्या वसईची कीर्ति जशी वाढली तशी ती घरें विकणाऱ्यांच्याहि कामास आली; जेथें बाग उपटली तेथील इमारतीस 'पार्क' व 'गार्डन' अशीं नांवें लागलीं, आणि माहितीपत्रकावर नारळीचीं झाडें छापलीं गेलीं. लोकरुचि ही दुधारी वस्तु आहे. हिरवा रंग आवडावयास शिकविणें सोपें. तो कोणाच्या मालकीचा आहे हें विचारावयास शिकविणें कठीण.

इंग्लंडांत ही कठीण गोष्ट वर्ड्‌स्वर्थच्या मागून आलेल्या एका पाद्र्यानेंच केली, हा योगायोग मोठा चमत्कारिक. केझिकजवळच्या क्रॉस्थवेटचा धर्मोपदेशक कॅनन रॉन्स्ली हाहि लिहिणारा, सभा गाजविणारा गृहस्थ. पण त्याची दृष्टि लेखणीपाशीं थांबली नाहीं. ऑक्टेव्हिया हिल व रॉबर्ट हंटर ह्यांच्यासह त्यानें १८९५ सालीं 'नॅशनल ट्रस्ट' स्थापिला. १९०२ सालीं सरोवराकांठची ब्रँडलहाउची जमीन ह्या संस्थेनें लोकवर्गणींतून विकत घेतली; आणि १९०७ च्या कायद्यानें, आपल्या ताब्यांतील जमीन कधींहि न विकण्यासारखी ठरविण्याचा अधिकार तिला मिळाला. वर्ड्‌स्वर्थपासून तेथपर्यंत पोंचावयास साठ वर्षें लागलीं. वसईस साठ वर्षें मिळालीं नाहींत. गाडी फार लौकर आली, आणि लोकसंख्या त्याहून लौकर. २०११ च्या खानेसुमारींत वसई-विरार शहराची वस्ती १२ लाखांवर गेलेली आढळली.

मासिकाच्या हातून काय साधलें नाहीं, तें आतां सांगितलें पाहिजे. जमीन कांहीं हवेंतून विकली जात नाहीं. प्रत्येक खरेदीखतावर कोणाची तरी सही असते. कांहीं सह्या दहशतीनें झाल्या हें खरें आहे. नालासोपाऱ्यांत आदिवासींच्या जमिनींसाठीं झगडणाऱ्या नवलीन कुमार ह्यांचा २००२ सालीं खून झाला, एवढ्यावरून त्या काळची हवा समजावी. परंतु कांहीं सह्या राजीखुशीनेंहि झाल्या. शेतींत मिळत नव्हतें, मुलें शिकून नोकरीस लागलीं होतीं, भाव आला होता. जागृत झालेला मनुष्य आपली वाडी विकावयाची नाहीं म्हणतो. पण त्याच्या चार भावांस पैसा हवा असला तर त्याच्या जागृतीस सात-बाराच्या उताऱ्यावर रकाना नसतो. मासिकानें मन तयार केलें. त्या मनास जमीन धरून ठेवण्याचें कायदेशीर साधन कोणीच दिलें नाहीं. ज्या संस्थेनें वर्गणी काढून एखादें बावखल कायमचें राखावें, तशी संस्था त्या धामधुमींत रुजली नाहीं. हा दोष आम्ही संपादकाच्या माथीं मारीत नाहीं. मासिकानें भूमि-न्यास व्हावें ही अपेक्षाच चुकीची आहे. पण न्यासावांचून मासिक एकटें पडतें, हेंहि तितकेंच खरें.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. वर्ड्‌स्वर्थच्या पत्रांवर त्या काळींच असा आक्षेप आला कीं, सृष्टिसौंदर्य हें सुखवस्तूंसाठीं राखून ठेवावें असा कवीचा रोख दिसतो. कामगारांनीं गाडीनें येऊं नये, असें म्हणणारा हा कोण? नालासोपाऱ्याच्या खोलींत राहणारा मनुष्य हाच प्रश्न वसईच्या वाडीवाल्यास विचारूं शकतो, आणि त्यास निरुत्तर करणें सोपें नाहीं. तो ऐश करावयास आलेला नव्हता. मुंबईनें त्यास बाहेर लोटलें म्हणून आला. त्याच्या घरीं 'सुवार्ता' येत नव्हती. त्यास टँकरचें पाणी हवें होतें व तें कोठून येतें हें त्यास कोणी सांगितलें नव्हतें. ज्याची विहीर खारट झाली आणि ज्याच्या पिंपांत तें पाणी पडलें, त्या दोघांचीं हितें शेवटीं एकच आहेत, हें दोघांसहि एकाच वेळीं, एकाच भाषेंत सांगणारें साधन त्या काळीं नव्हतें. परिणाम असा झाला कीं जागृति पश्चिमेस राहिली व वस्ती पूर्वेस वाढली, आणि मध्यें लोहमार्ग तेवढा राहिला.

जुलै २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हां पश्चिमेकडील गांवांनीं तींत जाण्यास कसून विरोध केला. २०११ सालीं २९ गांवें वगळण्याचा निर्णय शासनानें केला व तो वाद न्यायालयांत गेला. ज्या गांवांत पंचवीस वर्षें हरित वसईचा शब्द घुमत होता तींच गांवें आपली ग्रामपंचायत सोडावयास तयार नव्हतीं. मासिकाच्या कार्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा? ह्या गांवांत आजहि वाड्या आहेत, फुलें मुंबईस जातात, आणि कार्तिकांत निर्मळच्या यात्रेंत सुकेळीं मिळतात. पुढें जुलै २०१८ च्या पावसांत नालासोपारें व वसई पाण्याखालीं गेलीं, लोहमार्ग बुडाला, मिठागरांतलीं माणसें अडकून पडलीं. नाले अरुंद झाले, सखल जागा भरल्या गेल्या, म्हणून पाण्यास वाट उरली नाहीं, हें त्या वेळीं सर्वांच्याच तोंडीं होतें. उन्हाळ्यांत पाणी नाहीं म्हणून आणि पावसाळ्यांत पाणी जात नाहीं म्हणून रडणारें शहर, आणि दोन्हींवर एकाच उपायानें चालणारें बावखल, हीं दोन्हीं एकाच तालुक्यांत नांदत होतीं.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजीं वारले. वादग्रस्त प्रश्नांत पडल्यामुळें त्यांस शत्रूहि होते, पण त्यांच्या मागें जो शब्द राहिला आहे तो आतां कोणा एका धर्माचा वा पक्षाचा नाहीं. वसई-विरारमध्यें आज मराठीखेरीज हिंदी, गुजराती, भोजपुरी बोलणारीं लक्षावधि माणसें आहेत, आणि त्यांचें वाचणें व पाहणें बहुतेक हातांतल्या दूरध्वनीवर चालतें. टँकरची वाट पाहणाऱ्या बाईस, हें पाणी कोणत्या विहिरीचें व ती विहीर कोणत्या बावखलावर जगते, हें तिच्या बोलींत महिन्याच्या महिन्यास सांगणारें कांहीं अजून आमच्या पाहण्यांत नाहीं. कोणी तें काढलेंच, तर पहिल्या अंकांत तालुक्यांतील शिल्लक बावखलांची गांववार यादी छापावी. त्या यादीसाठीं नंदाखाल, आगाशी, भुईगांव व निर्मळ येथील म्हाताऱ्या माणसांकडे जावें लागेल, आणि तें लौकर जावें लागेल.